टीमची विकी एकगठ्ठा लोकल फाईल्समध्ये उतरवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकी म्हणजे टीमने मिळून लिहायच्या पानांची साईट. इथे जास्त करून कॉन्फ्लुएन्स या ॲटलासियन कंपनीच्या विकी सॉफ्टवेअरबद्दल लिहिलंय, कारण ऑफिसात बहुतेकांना तेच भेटतं. नोशन, गिटहब विकी, मीडियाविकी वगैरेंचं खाली वेगळं आहे. मराठी शीर्षकांची पानं असतील तर सातवा प्रश्न आधी वाचा, मग टूल चालवा.

१. सगळं क्लाउडवर आहे ना, मग लोकल कॉपी कशाला?

क्लाउड बंद पडतो म्हणून. ५ एप्रिल २०२२ ला ॲटलासियनमध्ये एक जुनं ॲप काढून टाकायची स्क्रिप्ट चालवली गेली, तिला ॲपच्या आयडीऐवजी अख्ख्या साईट्सचे आयडी दिले गेले आणि अर्ध्या तासाच्या आत ७७५ कस्टमर्सच्या साईट्स डिलीट झाल्या. डेटा परत आला, बॅकअप होते त्यांच्याकडे, पण शेवटच्या कस्टमरपर्यंत पोचायला १८ एप्रिल उजाडला. आता विचार करा, सर्व्हर पडला की काय करायचं ते ज्या पानावर लिहिलंय ते पानच दोन आठवडे उघडत नाहीये. कंपनीचा बॅकअप त्यांना साईट परत उभी करायला असतो, तुम्हाला त्यातलं एक पान आत्ता वाचायचंय यासाठी तो नसतो, त्यासाठी तुमची स्वतःची साधी वाचता येणारी कॉपी लागते.

बाकी कारणं रोजची आहेत. लायसन्स रिन्यू होत नाही, मॅनेजमेंट दुसऱ्या टूलवर जायचं ठरवते, क्लायंटचा प्रोजेक्ट संपतो आणि ॲक्सेस जातो. कॉन्फ्लुएन्स सर्व्हरचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला, डेटा सेंटर या आवृत्तीचीही शेवटची तारीख २८ मार्च २०२९ जाहीर झालीय, म्हणजे स्वतःच्या मशीनवर चालवणाऱ्यांनाही कधीतरी सगळं उचलावं लागणारच आहे. आणि खरं सांगायचं तर लोकल फाईल्समध्ये शोधणं इतकं झटपट होतं की एकदा सवय लागली की वेबवरचा सर्च बॉक्स नकोसा वाटतो.

२. कॉन्फ्लुएन्सचा स्वतःचा स्पेस एक्स्पोर्ट आहेच की, वेगळं टूल का?

एकदाच उतरवून कपाटात ठेवायचं असेल तर वेगळ्या टूलची गरज नाही, स्पेस (म्हणजे एका टीमच्या किंवा प्रोजेक्टच्या पानांचा गठ्ठा) सेटिंग्समधून एचटीएमएल एक्स्पोर्ट घ्या, झिप येते, आत इमेजेस आणि अटॅचमेंटही असतात. फक्त तो काय देतो आणि काय देत नाही हे माहीत असू द्या. एचटीएमएल आणि पीडीएफमध्ये ब्लॉग पोस्ट येत नाहीत, त्या एक्सएमएलमध्ये येतात, पण एक्सएमएल वाचण्यासाठी नसून दुसऱ्या कॉन्फ्लुएन्समध्ये टाकण्यासाठी असतो. पीडीएफ दिसायला छान, पण देवनागरी मजकूर त्यातून कॉपी केला की जोडाक्षरं आणि वेलांट्या बऱ्याचदा विस्कटतात आणि मग त्यात सर्चही धड होत नाही, त्यामुळे मराठी पानांसाठी पीडीएफ हा एकमेव बॅकअप ठेवू नका. एकेक पान वर्डमध्ये एक्स्पोर्ट करायची सोय आहे, पण ती डॉट डॉक फाईल आतून एचटीएमएलच असते, वर्डशिवाय दुसरीकडे उघडायला गेलात की कटकट होते.

वेगळं टूल लागतं ते तीन वेळेला: मार्कडाऊन (साध्या खुणा वापरून लिहिलेली टेक्स्ट फाईल) हवं असेल, दर आठवड्याला आपोआप उतरवायचं असेल, किंवा तुम्ही स्पेस ॲडमिन नाही आणि एक्स्पोर्टची परमिशनच नाही पण पानं वाचता येतात. तिसऱ्या केसमध्ये आधी तेरावा प्रश्न वाचा.

३. असं उतरवणारं टूल आतून नक्की करतं काय?

ब्राउझर जे करतो ते करत नाही, ते एपीआयशी, म्हणजे प्रोग्रॅमना थेट माहिती मागता यावी म्हणून ठेवलेल्या दाराशी, बोलतं. आधी स्पेसमधल्या सगळ्या पानांची यादी मागतं, नव्या एपीआयमध्ये एका वेळी जास्तीत जास्त २५० पानं मिळतात आणि पुढच्या खेपेसाठी एक कर्सर, म्हणजे कुठपर्यंत आलो त्याची खूण, मिळतो, तो कर्सर संपेपर्यंत मागत राहायचं. प्रत्येक पानासोबत त्याच्या पॅरेंटचा आयडी येतो, त्यावरून फोल्डरची उतरंड बनते. मग मजकूर, मग अटॅचमेंट, मग मार्कडाऊनमध्ये रूपांतर.

खरी मेख लिंक्समध्ये आहे. कॉन्फ्लुएन्सच्या स्टोरेज फॉरमॅटमध्ये (पान ज्या मूळ रूपात साठवलेलं असतं त्यात) एका पानातून दुसऱ्या पानाची लिंक असते तिथे त्या पानाचं शीर्षक लिहिलेलं असतं, पत्ता नसतो. म्हणून चांगलं टूल आधी सगळ्या पानांची शीर्षक, आयडी आणि होणारी फाईल अशी वही तयार करतं आणि मगच मजकुराला हात लावतं. जी स्क्रिप्ट एक पान उतरव, लिही, पुढचं उतरव असं करत जाते तिच्या निम्म्या लिंक्स तुटलेल्या निघतात, कारण ज्या पानाकडे बोट दाखवायचंय त्याची फाईल कुठे जाणार हे तिला अजून माहीतच नसतं. स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल तर एवढं एक पाळा. लिहायची नसेल तर कॉन्फ्लुएन्स-मार्कडाऊन-एक्स्पोर्टर नावाचं पायथनचं ओपन सोर्स टूल आहे, पिपने इन्स्टॉल होतं, एक पान किंवा अख्खी स्पेस उतरवता येते.

४. माझा पासवर्ड द्यावा लागतो का?

नाही, आणि कोणतंही टूल पासवर्ड मागत असेल तर ते वापरू नका. क्लाउडवर ईमेल आयडी आणि एपीआय टोकन (पासवर्डऐवजी टूलला द्यायची वेगळी किल्ली) लागतं, डेटा सेंटरवर पर्सनल ॲक्सेस टोकन. नव्या एपीआय टोकनला एक्स्पायरी असते, जास्तीत जास्त एक वर्ष, त्यामुळे छान चाललेला आठवड्याचा जॉब एक दिवस अचानक बंद पडला तर आधी टोकनची तारीख बघा. टोकन स्क्रिप्टमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, नाहीतर स्क्रिप्टसोबत तेही गिटवर (फाईल्समधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलवर) जातं आणि मग जुन्या कमिट्समधून, म्हणजे त्या नोंदींमधून, ते पुसत बसावं लागतं.

५. मध्येच ४२९ एरर येऊन थांबतं.

तुम्ही फार भराभर मागताय असं सर्व्हर सांगतोय. उत्तरासोबत रिट्राय-आफ्टर नावाचा हेडर येतो, त्यात किती सेकंद थांबायचं ते असतं, तेवढं थांबून तीच रिक्वेस्ट परत पाठवायची. दहा थ्रेड्स लावून घाई करण्यात काही मिळत नाही, उलट त्याच वेळी विकी वापरणाऱ्या बाकीच्या टीमला त्रास. रात्री लावून द्या. नोशनच्या एपीआयची मर्यादा तर सरासरी सेकंदाला तीन रिक्वेस्टचीच आहे, तिथे मोठं वर्कस्पेस असेल तर वेळ हा लागणारच.

६. सगळ्या फाईल्स उतरल्या, पण प्रत्येकीची साईझ सारखीच आहे?

लॉगिनचं पान उतरलंय, शेकडो वेळा. वीगेट किंवा तसल्या साईट उतरवणाऱ्या टूलने हे हमखास होतं, कारण त्याच्याकडे तुमचं लॉगिन नसतं आणि सर्व्हर एरर न देता निमूटपणे लॉगिनच्या पानाकडे वळवतो. कुकी देऊन हे जमवता येतं, पण सिंगल साइन-ऑन (ऑफिसच्या एकाच लॉगिनने सगळं उघडणं) असेल तर कुकी लवकर संपते आणि अर्धं खरं अर्धं लॉगिन असा माल हाती येतो, जो सगळ्यात वाईट, कारण वरवर बघून कळत नाही. एपीआयने जा.

७. मराठी शीर्षकांची पार वाट लागली. काही फाईल्सना नाव नाही, काहींना अर्धवट नाव, काही गायबच.

हा प्रश्न इंग्रजी एफएक्यूमध्ये कधीच नसतो आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक टूल्स शीर्षकावरून फाईलचं नाव बनवताना "अक्षरं आणि आकडे ठेवा, बाकी काढा" असा नियम लावतात. जावास्क्रिप्टमध्ये तो नेहमीचा नियम फक्त इंग्रजी अक्षरांनाच अक्षर मानतो, म्हणजे पूर्ण मराठी शीर्षक असेल तर नाव रिकामं उरतं, आणि दुसऱ्या मराठी पानाचंही रिकामंच, मग दुसरं पान पहिल्यावर लिहिलं जातं. गायब झालेली पानं ती हीच. पायथनमध्ये देवनागरी अक्षरं राहतात पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हं अक्षर धरली जात नाहीत, म्हणून "मीटिंग नोंदी" या पानाची फाईल "मटग नद" होते. कोणाला कळणार आहे ते? उपाय असा की काय ठेवायचं याची यादी न करता काय काढायचं याची यादी करायची: स्लॅश, बॅकस्लॅश, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, कोनी कंस आणि उभी रेघ, एवढीच विंडोजला चालत नाहीत, बाकी सगळं राहू द्या. आणि प्रत्येक नावाच्या शेवटी पानाचा आयडी जोडा, म्हणजे काहीही झालं तरी एक पान दुसऱ्याला खाणार नाही. कॉन्फ्लुएन्सच्या स्वतःच्या एचटीएमएल एक्स्पोर्टमध्येही मराठी शीर्षकाच्या फाईलला बहुतेक वेळा नुसता आयडीचा आकडाच नाव म्हणून मिळतो, फाईल सुरक्षित असते, शोधायला मात्र इंडेक्स पान उघडावं लागतं.

दुसरं, लांबी. लिनक्सवर ईएक्सटी४ या फाईल सिस्टीममध्ये फाईलचं नाव २५५ बाईटपर्यंत चालतं. इंग्रजी अक्षर एक बाईट, आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाईट, आणि मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. "क्षमता" हा दिसायला तीन अक्षरी शब्द, पण त्यात सहा चिन्हं म्हणजे १८ बाईट. हिशोब केला तर सगळी मिळून ८५ चिन्हं बसतात, सरकारी थाटाचं लांबलचक शीर्षक असेल तर ते सहज पार होतं. नाव कापताना बाईटवर कापू नका, मधोमध कापलं गेलेलं चिन्ह म्हणजे मोडकं नाव.

तिसरं, ऱ. "दुसऱ्या", "वऱ्हाड", "कर्मचाऱ्यांची यादी" असल्या शीर्षकांमध्ये हा ऱ तीन प्रकारांनी टाईप झालेला असू शकतो: सरळ ऱ आणि हलन्त, किंवा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला तिन्ही वेगळे. त्यामुळे लिंकमध्ये एक रूप आणि पानाच्या शीर्षकात दुसरं असेल तर टूलला ते पान सापडत नाही. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडने समान मानलेली रूपं एकसारखी करायची पद्धत) केलं की पहिली दोन रूपं एक होतात, जॉइनरवालं मात्र तसंच राहतं, ते हाताने बदलून घ्यावं लागतं. जॉइनर म्हणजे कचरा समजून काढून टाकणारी टूल्स "दुसऱ्या"चं "दुसर्या" करून ठेवतात, रफार थेट या वर. तसंच "ॲप" हा शब्द, एकच चिन्ह असलेला ॲ कोणी टाईप करतं, कोणी अ वर चंद्र देऊन करतं, आणि ही दोन रूपं एनएफसीने सुद्धा एक होत नाहीत. म्हणून उतरवताना ही दोन-तीन बदलांची छोटी यादी टूलमध्ये टाका, फाईलच्या नावांना आणि मजकुरालाही, पुढे शोधताना याचा फायदा कळेल.

८. इमेजेस आल्या पण धूसर आहेत. आकृत्या तर आल्याच नाहीत.

धूसर असतील तर थंबनेल उतरलेत. पानाच्या तयार एचटीएमएलमध्ये इमेजचा पत्ता बऱ्याचदा थंबनेलचा असतो, मूळ इमेज अटॅचमेंटमध्ये असते, तीच घ्यायची. ड्रॉ डॉट आयओ या आकृत्या काढायच्या टूलच्या आकृत्या अटॅचमेंट म्हणून साठवलेल्या असतात, सोबत एक पीएनजीही असते. दोन्ही ठेवा, पीएनजी बघायला आणि मूळ फाईल पुढे कधी बदल करायला.

जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या तक्त्यांचं वेगळं. पानात फक्त "इथे जिरातून अमुक यादी दाखव" एवढंच लिहिलेलं असतं, स्टोरेज फॉरमॅट उतरवलात तर यादी येणारच नाही. त्या दिवशीची यादी हवी असेल तर ते पान रेंडर झालेल्या, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसतं त्या, रूपात उतरवा.

९. टेबल्स मोडली.

साध्या मार्कडाऊन टेबलमध्ये जोडलेले सेल बसत नाहीत आणि सेलच्या आत बुलेट्सही बसत नाहीत, आणि ऑफिसातल्या विकीवर नेमकी तसलीच टेबल्स असतात. पँडॉक हा फाईल फॉरमॅट बदलणारा प्रोग्रॅम गिटहब मार्कडाऊनमध्ये बदलताना जमेल ते टेबल मार्कडाऊनमध्ये करतं आणि न जमणारं एचटीएमएल म्हणूनच ठेवतं, ते बरोबर आहे, त्याच्याशी भांडू नका. माझं मत विचाराल तर मार्कडाऊनसोबत प्रत्येक पानाचं मूळ एचटीएमएलही शेजारी ठेवावं. टेक्स्टला जागा लागून लागून किती लागणार, आणि पुढच्या वर्षी जास्त चांगला कन्व्हर्टर आला तर परत सगळं उतरवायला नको, कदाचित तोपर्यंत ॲक्सेसही नसेल.

१०. विंडोजवर पाथ टू लाँग येतं.

पूर्ण पाथची जुनी मर्यादा २६० कॅरॅक्टर्सची आहे आणि विकीत पानाखाली पान, त्याखाली पान असं आठ-दहा पातळ्या खोल गेलं की ती भरते. विंडोज १० च्या १६०७ व्हर्जनपासून लाँग पाथ चालू करायचं सेटिंग आहे, पण प्रत्येक प्रोग्रॅम ते मानतोच असं नाही. सरळ उपाय, डेस्कटॉपवरच्या फोल्डरच्या फोल्डरमध्ये न उतरवता थेट ड्राइव्हच्या तोंडाशी दोन अक्षरी फोल्डर करा. नोशनच्या एक्स्पोर्टमध्ये तर प्रत्येक नावामागे ३२ कॅरॅक्टर्सचा आयडी असतो, तिथे हे जास्तच होतं.

११. दर वेळी अख्खं उतरवायचं का?

नाही. प्रत्येक पानाला व्हर्जन नंबर असतो, मागच्या वेळचे नंबर एका फाईलमध्ये ठेवा आणि ज्यांचा बदललाय तेवढीच पानं आणा. पण डिलीट झालेली पानं अशाने कळत नाहीत, ती तुमच्याकडे जिवंतच राहतात आणि सहा महिन्यांनी कोणीतरी जुनी प्रोसिजर वाचून काम करतं. म्हणून आयडींची यादी दर वेळी पूर्ण आणा आणि यादीत नसलेली पानं पुसून न टाकता वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा.

फोल्डरला गिट लावा. कोणत्या आठवड्यात काय बदललं ते आयतं मिळतं. गिट मराठी फाईलनावं आकड्यांच्या रूपात दाखवायला लागलं तर कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग फॉल्स करा, नावं नीट दिसतील.

१२. कमेंट्स आणि जुनी व्हर्जन्स?

कमेंट्स एपीआयने वेगळ्या आणाव्या लागतात आणि त्या जरूर आणा, "हे असं का ठरलं" याचं उत्तर पानापेक्षा खालच्या चर्चेतच असतं. जुनी व्हर्जन्स सहसा सोडून द्या, कायदेशीर कारण असेल तरच.

१३. हे करायला परवानगी लागते का? मी नोटीस पिरियडमध्ये आहे.

लागते. टोकनने उतरवता येतं म्हणजे उतरवायची मुभा आहे असं नाही. विकी कंपनीची असते, बऱ्याचदा अर्धी क्लायंटची, आणि तुम्ही जे सही केलंय त्यात हे लिहिलेलं असतं. नोकरी सोडताना स्वतःच्या लॅपटॉपवर विकी घेऊन जाऊ नका, कितीही पानं तुम्ही स्वतः लिहिलेली असली तरी. टीमसाठी कॉपी करताय तर मॅनेजर आणि आयटीला मेलवर विचारा आणि मेलवर उत्तर घ्या.

उतरवलेल्या कॉपीत काय आहे तेही बघा. विकीवर लोकांचे मोबाईल नंबर असतात, रजेचे तक्ते असतात, कोणीतरी कधीतरी टाकलेला डेटाबेसचा पासवर्ड असतो. वेबवर त्याला परमिशनचं कुंपण होतं, तुमच्या फोल्डरला काहीच नाही. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि ती कॉपी कुठल्या लॅपटॉपवर पडलीय याने त्यात फरक पडत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असू द्या, बिटलॉकर किंवा फाईलव्हॉल्ट, आणि झिप व्हॉट्सॲपवर किंवा पर्सनल ड्राइव्हवर टाकू नका.

१४. आमच्याकडे कॉन्फ्लुएन्स नाहीये.

गिटहब विकी असेल तर टूलच नको, विकी स्वतःच गिट रिपॉझिटरी असते, रेपोच्या नावापुढे डॉट विकी डॉट गिट लावून क्लोन करा, झालं. गिटलॅब आणि ॲझ्युअर डेव्हऑप्सचंही तसंच. डोकुविकी तर पहिल्यापासूनच साध्या टेक्स्ट फाईल्समध्ये लिहिते, पेजेस आणि मीडिया हे दोन फोल्डर कॉपी केले की पुरे, जुनी व्हर्जन्स हवी असतील तर ॲटिक फोल्डर. छोट्या संस्थेला, शाळेला, ट्रस्टला नवीन विकी उभी करायची असेल तर मी याच कारणासाठी डोकुविकी सुचवते, उद्या सांभाळणारा माणूस सोडून गेला तरी फाईल्स नोटपॅडमध्ये उघडतात.

मीडियाविकीचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. सर्व्हर तुमचा असेल तर डंपबॅकअप स्क्रिप्ट, नसेल तर स्पेशल एक्स्पोर्टचं पान. दोन्हींतून एक्सएमएल मिळतो पण इमेजेस त्यात नसतात, तो फोल्डर आठवणीने वेगळा घ्या. नोशनमध्ये सेटिंग्समधून मार्कडाऊन आणि सीएसव्हीचा एक्स्पोर्ट आहे, मोठ्या वर्कस्पेसची लिंक मेलवर येते आणि ती सात दिवसच चालते. त्यातल्या मराठी सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडल्या आणि बाराखडीऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर फाईल बिघडलेली नाही, डेटा मेनूतून इम्पोर्ट करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

१५. सगळं नीट उतरलंय हे कसं तपासायचं?

टूलने "डन" म्हटलं यावर थांबू नका. आधी आकडा जुळवा, ॲडमिनला स्पेसमधली एकूण पानं विचारा आणि तुमच्या फाईल्स मोजा. कमी भरल्या तर बहुतेक वेळा कारण हे असतं की तुमच्या टोकनला तेवढंच दिसतं जेवढं तुम्हाला दिसतं, रिस्ट्रिक्टेड पानं एरर न देता वगळली जातात. पूर्ण बॅकअप हवा असेल तर टोकन सगळं दिसणाऱ्याच्या खात्याचं लागेल.

मग वायफाय बंद करा आणि उघडून बघा. बंद केलंच पाहिजे, कारण चालू असेल तर मार्कडाऊनमधल्या इमेजेस गुपचूप वेबवरूनच येत असतात आणि सगळं नीट आहे असं वाटतं. सगळ्यात जास्त इमेजेस असलेलं पान, सगळ्यात मोठं टेबल असलेलं पान, सगळ्यात खोल दडलेलं पान आणि शीर्षकात ऱ्या असलेलं एक पान, एवढी उघडा, त्यांतल्या लिंक्स दाबून बघा. शेवटी एखादा असा शब्द शोधा जो फक्त जुन्या पानांवरच असणार हे तुम्हाला माहीत आहे. सापडला नाही तर आठव्या आणि सातव्या प्रश्नातलं परत तपासा, टूल पुन्हा चालवा, आणि तोपर्यंत विकीचं लायसन्स बंद करायला होकार देऊ नका.